लाकडी घरांच्या दुरुस्तीला नियमांत जागा द्या

प्रति,
कोकण किनाऱ्यावरील सर्व नगर परिषदा व नगर पंचायतींचे नगराध्यक्ष, नगरसेवक आणि मुख्याधिकारी यांस,

विषय : किनाऱ्यावरील जुन्या लाकडी घरांची नोंद, तपासणी आणि दुरुस्ती

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

मी किनाऱ्यावरच्या एका लहान शहरात राहतो आणि गेली २२ वर्षे घरांचे नकाशे काढून ते बांधकाम परवानगीसाठी दाखल करण्याचे काम करतो. शहराचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे एका कार्यालयाविषयीचे गाऱ्हाणे नाही. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनपासून दापोली, गुहागर, रत्नागिरी, राजापूर, देवगड, मालवण, वेंगुर्ल्यापर्यंत मी कामानिमित्त किंवा पाहुणा म्हणून जिथे जिथे गेलो, तिथे थोड्याफार फरकाने हेच दिसले. जुने लाकडी घर सरकारी कागदावर येते ते दोनच प्रसंगी, एकदा ‘धोकादायक’ म्हणून आणि एकदा ‘पाडून नवीन बांधणे’ म्हणून. घर दुरुस्त करायचे आहे असे सांगणारी प्रकरणे या २२ वर्षांत माझ्या हातून गेली ती बोटांवर मोजण्याइतकी. लाकडी घर मात्र पहिल्या दिवसापासून दुरुस्तीवरच जगत असते. बांधणे आणि पाडणे या दोन क्रियांच्या मध्ये पन्नास-शंभर-दीडशे वर्षांची जी देखभाल असते, तिला आपल्या कामकाजात जागा नाही, आणि ती जागा आपण करावी एवढेच मागण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याची जागतिक वारसा यादीत नोंद झाली. त्या १२ किल्ल्यांपैकी खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार आपल्या किनाऱ्यावरचे आहेत. ही आपल्या सर्वांच्या अभिमानाची गोष्ट आहे, आणि त्या दिवशी आमच्या आळीतही लोकांनी एकमेकांना पेढे दिले. पण सिंधुदुर्गाला जाणारा माणूस मालवणच्या धक्क्यावर होडीत बसण्याआधी मालवणच्या रस्त्यांवरून चालत येतो, आणि सुवर्णदुर्ग पाहायला आलेला हर्णैच्या बंदरावर उतरतो. किल्ला तो तासा-दोन तासांत पाहून होतो, उरलेला वेळ तो गावात असतो. त्या गावाचा चेहरा म्हणजे उतरत्या छपरांची ओळ, तिच्याखालची लाकडी खांबांची पडवी, बाजारपेठेतल्या दुकानांच्या लाकडी फळ्या आणि माडीचा कातीव कठडा. किल्ल्याच्या दगडाला कायद्याचे संरक्षण आहे. या चेहऱ्याला साध्या नोंदवहीचेही नाही.

ही घरे कशी उभी आहेत ते थोडे सविस्तर लिहितो, कारण त्यांच्याविषयीचे निर्णय घेणाऱ्यांपैकी अनेकांना माळ्यावर चढून ती आतून पाहण्याची वेळ आलेली नसते. आपल्याकडे भिंत जांभ्याच्या चिऱ्याची असते, पण घराचा मुख्य भार पुष्कळदा लाकडी सांगाड्यावर असतो. खांबाला बहुधा फणस, तुळयांना साग किंवा ऐन, वाशांना किंजळ, कौलांखालच्या आडव्या पट्ट्यांना, म्हणजे रिपांना, पोफळ किंवा माड, अशी जे जवळ मिळते आणि जिथे शोभते त्याची निवड आहे. फणसाचे लाकूड नवे असताना पिवळे असते आणि हाताचा, धुराचा, तेलाचा स्पर्श होत होत ते तांबूस-तपकिरी होत जाते, त्यामुळे जाणता सुतार नुसत्या रंगावरून खांबाच्या वयाचा अंदाज सांगतो. खांब जमिनीत गाडलेला नसतो. तो उथळ्यावर, म्हणजे दगडी बैठकीवर, नुसता ठेवलेला असतो, म्हणजे जमिनीची ओल लाकडात चढत नाही आणि वाळवीला सरळ वाट मिळत नाही. खांबाच्या डोक्यावर जिभेसारखे टोक ठेवलेले असते, ते तुळईच्या खाचेत बसते आणि आरपार एक लाकडी खुंटी ठोकलेली असते. लोखंडी खिळा शक्य तिथे टाळलेला दिसतो, आणि खाऱ्या वाऱ्यात खिळ्याचे काय होते हे ज्याने पाहिले आहे त्याला त्याचे कारण सांगावे लागत नाही. वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात छपराचा उतार, भिंतीच्या पुष्कळ पुढे आलेली वळचण आणि तिथून अंगणात पडणाऱ्या पागोळ्या ही त्या भिंतीची आणि त्या खांबांची छत्री आहे. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि एकमेकांत अडकणारी ती तांबडी कौले पुढे समुद्रमार्गे सगळ्या किनाऱ्यावर पसरली. त्याआधीची नळीची कौले आजही काही गोठ्यांवर आणि देवळांवर दिसतात. म्हणजे आपण ज्याला पारंपरिक म्हणतो ते घरही काळाबरोबर बदलत आलेले आहे. बदलाला माझा विरोध नाही, हे यावरून आपल्या लक्षात यावे.

बाजारपेठेतल्या घरांची गोष्ट थोडी वेगळी आहे. खाली दुकान, वर माडी, आणि दुकानाला शटर नसून खोबणीत सरकवायच्या उभ्या फळ्या. आमच्या पेठेत अशी चार दुकाने उरली आहेत. त्यांतल्या एकाच्या फळ्यांवर आतल्या बाजूने पटाशीने आकडे कोरले आहेत, कारण प्रत्येक फळी हाताने रंधलेली असल्याने ती स्वतःच्या जागीच बसते. सहाव्या क्रमांकाची फळी सातव्याच्या जागी घातली, तर शेवटची फळी बोटभर बाहेर राहते. त्या दुकानाचे मालक रोज रात्री त्या फळ्या क्रमाने लावतात आणि सकाळी क्रमाने काढतात, आणि त्यांचा दहा वर्षांचा नातू आकडे न पाहता ते काम करतो.

आता माझी स्वतःची गोष्ट लिहितो, कारण ती लिहिल्याशिवाय आपल्याला काही सांगण्याचा मला अधिकार नाही. २००९ साली मी आमचे घर पाडले. माझ्या पणजोबांनी बांधलेले ते घर होते, पडवीला फणसाचे पाच खांब आणि मुख्य दाराच्या चौकटीवर गणेशपट्टी. मागच्या बाजूची एक भिंत कलली होती आणि माजघरातली एक तुळई टोकाशी कुजली होती. दुरुस्तीचा विचार मी केलाच नाही असे नाही, पण दुरुस्तीला कर्ज मिळेना, आणि नव्या बांधकामाचा नकाशा तर मी स्वतःच काढणारा होतो. घर उतरवायला एक वयस्कर सुतार आले. त्यांनी कुठेही करवत लावली नाही. प्रत्येक सांध्यातली खुंटी मागून ठोकून बाहेर काढायची, तुळई उचलायची, बाजूला ठेवायची. चौथ्या दिवशी सगळा सांगाडा अंगणात ओळीने मांडून ठेवलेला होता. तेव्हा त्यांनी मला तुळयांच्या टोकांवरच्या खुणा दाखवल्या. कुठे पटाशीची एक रेघ, कुठे दोन, कुठे फुली, आणि तीच खूण ती तुळई ज्या खांबावर बसायची त्याच्या डोक्यावर. घर जमिनीवर आधी तयार करून, जुळवून, सुटे करून, मग उभे केलेले होते. एखादा तुकडा पुढे कधी बदलावा लागला तर तो काढता यावा, अशीच ती सगळी बांधणी होती. मी १४ वर्षे त्या घरात राहिलो होतो, शिक्षण बांधकामाचे घेतले होते, आणि ते घर दुरुस्तीसाठीच बांधलेले आहे हे मला ते पाडल्यावर कळले.

लाकूड घेऊन जायला टेम्पो आला. तुळया घनफुटाच्या भावाने गेल्या, खांब नगावर गेले. काही वर्षांनी एका हॉटेलच्या स्वागतकक्षात मला त्यांतले तीन खांब दिसले. एकावर लहानपणी माझ्या बहिणीने खिळ्याने काढलेले चांदणीचे चित्र होते, म्हणून ओळखले. छताची उंची कमी होती म्हणून त्यांचे तळ कापले होते आणि ते कशाचाही भार न घेता कोपऱ्यात उभे होते. आमच्या नव्या घराची हकिगत थोडक्यात सांगतो. दहाव्या वर्षी पुढच्या स्लॅबचे पोपडे सुटू लागले, आतली सळई गंजून फुगली होती, आणि गळती थांबावी म्हणून आज त्या स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभारून पत्र्याचे छप्पर घातलेले आहे. काळजीने केलेले काँक्रीट किनाऱ्यावरही टिकते, हे मी जाणतो, आणि माझ्या घराचा दोष सगळ्या काँक्रीटवर टाकणार नाही. पण खारे वारे सळईपर्यंत पोचू नयेत म्हणून जी काळजी घ्यावी लागते, ती आपल्या गावांतल्या किती बांधकामांत घेतली जाते, हे आपणही जाणता. ‘पक्के’ आणि ‘कच्चे’ हे शब्द आपण ज्या सहजतेने कागदावर लिहितो, ती सहजता मला तेव्हापासून उरलेली नाही.

लाकडी घर एकदम पडत नाही. त्याची सुरुवात एका फुटक्या कौलापासून होते. पूर्वी मे महिन्यात शाकारणी व्हायची, म्हणजे कौले उतरवून, झाडून, फुटकी बदलून परत लावायची. घरात चूल पेटायची, धूर वाशांमधून वर जायचा आणि भुंग्याला, वाळवीला तिथे थारा मिळायचा नाही. आता घर अकरा महिने बंद असते. चाकरमानी गणपतीला येतात, पाच-सात दिवस राहतात, गळणाऱ्या जागेखाली बादली ठेवतात आणि कुलूप लावून जातात. कौल फुटले त्या जागी पाणी आधी रिपेवर, मग वाशावर आणि तिथून ओघळत भिंतीत शिरलेल्या तुळईच्या टोकावर येते. तिथे ना ऊन ना वारा, त्यामुळे ते टोक वाळत नाही. तीन-चार पावसाळ्यांत ते हाताने कुसकरता येईल इतके मऊ होते, तुळई दोन बोटे खाली बसते, तिच्यावरचा माळा झुकतो, भिंत बाहेर ढकलली जाते. मग शेजारी तक्रार करतात, आणि खरोखरच भीती असते म्हणून करतात. त्या तक्रारीवर आपल्या कार्यालयातून नोटीस निघते. तीस-चाळीस रुपयांच्या कौलाने जे थांबले असते, ते तिथवर येऊन पोचते.

आमच्याच आळीत चार वर्षांपूर्वी एका काकूंच्या दारावर अशी नोटीस लागली. त्या एकट्या राहतात. नोटीस लावणाऱ्यांनी घर बाहेरून पाहिले होते, कललेली भिंत पाहिली होती आणि ‘इमारत धोकादायक असून तात्काळ पाडावी’ असा छापील मजकूर होता. काकू ती नोटीस घेऊन माझ्याकडे नव्या घराचा नकाशा काढायला आल्या. मी या वेळी आधी सुताराला बोलावले. त्याने एक अणकुचीदार लोखंडी गज घेतला आणि प्रत्येक तुळईला, प्रत्येक खांबाला हातभर अंतरावर टोचत गेला. चांगल्या लाकडाला गज लागला की खणखणीत आवाज येतो आणि टोक शिरत नाही. कुजक्यात ते आवाज न करता आत जाते. अख्ख्या घरात एका तुळईचे भिंतीतले टोक आणि न्हाणीकडच्या एका खांबाचा तळ, एवढेच दोन ठिकाणी ते आत गेले. बाकी सगळे घर शाबूत होते. टेकू देऊन, जॅकने तुळई उचलून, कुजका भाग कापून तिथे जुन्याच सागाचा तुकडा जोडला. खांबाचा तळ कापून उथळा तेवढा उंच केला. भिंतीचा कललेला भाग उतरवून पुन्हा रचला. नव्या घराच्या अंदाजपत्रकाशी तुलना करता खर्च अगदीच लहान होता. पण नोटीस मागे घेण्यासाठी संरचना अभियंत्याचे प्रमाणपत्र मागितले गेले, आणि ज्या ज्या अभियंत्याकडे आम्ही गेलो त्यांचे एकच उत्तर, की काँक्रीटचे गणित करून देतो, लाकडाचे करता येणार नाही. काकूंचे घर आज उभे आहे, राहते आहे आणि कागदोपत्री अजूनही धोकादायक आहे.

लाकडाचे गणित करता येत नाही, हे खरे नाही. इमारतीतल्या लाकडी बांधकामाच्या संकल्पनासाठी भारतीय मानक ८८३ आहे, आणि राष्ट्रीय बांधकाम संहितेत लाकूड व बांबू यांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. ते शिकवले जात नाही, वापरले जात नाही, आणि आपली कार्यालये ते मागत नाहीत म्हणून कोणी शिकतही नाही. आपण मागू लागलात तर दोन वर्षांत ते करणारे तयार होतील, कारण काम मिळत असेल तर माणूस शिकतो हे मी माझ्याच व्यवसायात पाहिले आहे.

या घरांविरुद्ध जे बोलले जाते त्यात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. आगीची भीती खरी आहे. शंभर वर्षांच्या लाकडावरून तीस वर्षांपूर्वीची उघडी वायर गेलेली असते आणि तिच्यावर आता गिझर आणि एसी चालतो. तिथे आधी वायरिंग बदलणे हाच उपाय आहे आणि तो सक्तीने करावा. माकडांचा त्रास तर इतका वाढला आहे की, कौले काढून पत्रे घालणाऱ्या कोणालाही दोष देण्याचे धाडस माझ्याने होत नाही. दहा माकडांची टोळी छपरावरून एकदा गेली की पन्नास कौले फुटतात, आणि ती बदलायला माणूस मिळेपर्यंत पाऊस सुरू झालेला असतो. माझे मत असे आहे की, पत्रा घालायचाच असेल तर खालचा लाकडी सांगाडा तसाच ठेवून त्यावर घालावा. ते डोळ्यांना बरे दिसत नाही, पण सांगाडा वाचला तर कौले पुढेमागे परत येऊ शकतात. सांगाडाच गेला की काही परत येत नाही. वादळांविषयीही बोलले जाते. ३ जून २०२० चे निसर्ग श्रीवर्धन-मुरूड-दापोलीवरून गेले आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्याला घासून गेले. तौक्तेच्या दिवशी मी आमच्या आळीतच होतो. कौले शेकड्यांनी उडाली, पत्रे अख्खेच्या अख्खे उडून माडांवर जाऊन अडकले, पण निगा राखलेल्या घरांचे लाकडी सांगाडे जागचे हलले नव्हते, आणि आठवड्याभरात त्यांवर परत कौले चढली.

मालकीचा प्रश्न मात्र सगळ्यांत अवघड आहे आणि त्यावर माझ्याजवळ पुरते उत्तर नाही. उताऱ्यावर पंचवीस नावे, त्यांतली अर्धी मुंबई-ठाण्यात, काही परदेशात, काही वारलेल्यांची. शाकारणीचा खर्च कोणी करायचा यावर एकमत होत नाही. घर विकायचे ठरले की मात्र सह्या जमतात. जे एकटेदुकटे गावी राहून ते घर सांभाळतात, त्यांच्यावर आपण सगळ्या गावाची ओळख जपण्याचा भार टाकतो आणि त्या बदल्यात त्यांना काही देत नाही. त्यांना उद्या कोणी ‘हे घर वारसा आहे, हात लावायचा नाही’ असे सांगितले, तर ते रागावतील आणि त्यांचे रागावणे योग्य असेल.

कायदा या कामाच्या आड येतो असेही मला दिसत नाही. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कामांची जी यादी आहे, तिच्यात सांस्कृतिक आणि सौंदर्यविषयक बाबींना चालना देणे हे काम स्पष्ट लिहिलेले आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे विकास योजनेत ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तूंच्या जतनाची तरतूद करता येते, आणि इमारतीचे बाह्य स्वरूप न बदलणाऱ्या देखभालीच्या कामाला त्याच अधिनियमाचे कलम ४३ परवानगीतून सूटही देते. मुंबईने वारसा इमारतींसाठी नियम केले ते १९९५ साली. पोळांसाठी, म्हणजे लाकडी घरांच्या जुन्या गल्ल्यांसाठी, ओळखले जाणारे अहमदाबाद २०१७ मध्ये देशातले पहिले जागतिक वारसा शहर ठरले. पणजीची फोंतेन्हास ही जुनी वस्ती पाहायला लोक जातात ते तिथली नुसती घरे बघत गल्लीतून चालायला. आपल्याच रत्नागिरीत १९१० मध्ये बांधलेला थिबा राजवाडा आणि टिळक आळीतले लोकमान्यांचे जन्मघर राज्याच्या पुरातत्त्व विभागाने जपले आहे. टिळकांच्या त्या घरात गेले की मला दर वेळी वाटते, १८५६ साली त्या आळीत अशीच घरे दोन्ही बाजूंना असतील, कारण ते काही राजवाड्यासारखे वेगळे उभे राहणारे घर नव्हते. थोर पुरुषाचे एक घर उरले आणि ज्या आळीमुळे त्या घराला अर्थ होता ती आळी गेली. कशेळीच्या कनकादित्याच्या सभामंडपातले लाकडी कोरीव काम टिकले, कारण देवळाची निगा गाव राखते. घरांच्या बाबतीत तसे म्हणायला कोणी नाही, म्हणून आपल्याकडे आलो आहे.

माझी पहिली विनंती नोंदवहीची आहे. आपल्या हद्दीत लाकडी सांगाड्याची किती घरे आहेत, कुठल्या आळीत आहेत, छप्पर कसले आहे, राहती आहेत की बंद, आणि त्यांचे एकेक छायाचित्र, एवढे जरी नोंदले तरी पुष्कळ होईल. घरपट्टीसाठी आपले कर्मचारी घरोघर जातातच. त्यांच्या तक्त्यात आणखी तीन रकाने घातले, तर वेगळा खर्चही येणार नाही. या नोंदीमुळे कोणावरही बंधन येणार नाही, हे मात्र आधी लेखी जाहीर करावे, नाहीतर नोंद व्हायच्या आधीच घरे उतरू लागतील.

दुसरी आणि माझ्या दृष्टीने मुख्य विनंती ही की, लाकडी घराला धोकादायक ठरवण्यापूर्वी ते आतून, माळ्यावर चढून, जाणत्या सुताराकडून तपासले जावे आणि नोटिशीत पाडण्याबरोबर दुरुस्तीचा पर्याय व त्यासाठी पुरेशी मुदत लिहिलेली असावी. आज-उद्या कोसळेल अशा घराला हे लागू करा असे मी म्हणणार नाही, तिथे माणसांचा जीव आधी. पण बाकीच्यांसाठी प्रत्येक शहराने तीन-चार अनुभवी सुतारांची नावे मुक्रर करावीत, त्यांना तपासणीचे मानधन द्यावे आणि त्यांच्या अहवालाला अभियंत्याच्या सहीबरोबरीने किंमत द्यावी. हे सुतार आता साठी-सत्तरीत आहेत. त्यांची मुले प्लायवूड आणि ॲल्युमिनियमच्या खिडक्या करतात, कारण तिथे काम आहे. आयटीआयमध्ये सुतारकामाचा अभ्यासक्रम आहे. त्या मुलांना दर उन्हाळ्यात एका चालू दुरुस्तीवर पाठवता आले, तर टोचणीचा गज धरायला पुढचा हात तयार होईल.

लाकडाचा प्रश्न त्याला जोडूनच येतो. साग, फणस, ऐन, किंजळ ही सगळी झाडे १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत, आणि ती असावीत. पण एका तुळईच्या तुकड्यासाठी स्वतःच्या परसातला वठलेला फणस तोडायचा, तर मालक परवानगीच्या कागदांना कंटाळून लोखंडी गर्डर आणून टाकतो. त्यावर मला एक मार्ग सुचतो. जी घरे खरोखरच पडणार आहेत त्यांचे लाकूड, कौले, चौकटी आणि गज नगर परिषदेने रास्त भावात विकत घेऊन एका शेडमध्ये ठेवावेत आणि ज्याला दुरुस्तीला लागेल त्याला त्याच भावात द्यावेत. गावची अशी एक वखार असली, तर शंभर वर्षे मुरलेले लाकूड टेम्पोत बसून परजिल्ह्यात जाणार नाही, आणि जुन्या मापाचे कौल शोधत लोकांना तालुकाभर फिरावे लागणार नाही. माझे दोन खांब अजून कुठेतरी असतील. अशी वखार २००९ साली असती, तर ते पाचही आज आमच्या आळीत कुणाच्या तरी पडवीचा भार घेत असते.

घरपट्टीत सवलत द्यावी, हेही मागतो. कायद्यात बसेल तेवढी द्यावी, थोडी असली तरी चालेल, पण ती शाकारणी केल्याची पाहणी करून दरवर्षी द्यावी, म्हणजे ती घर नुसते उभे असण्याला न जाता निगा राखण्याला जाईल. सिंधुदुर्ग हा १९९७ पासून पर्यटन जिल्हा आहे आणि निवास व न्याहरीची योजना सगळ्या किनाऱ्यावर चालते. त्या योजनेत लाकडी घरांना अग्रक्रम मिळावा अशी शिफारस आपण करू शकता. पाहुण्यांसाठी उघडलेले घर बंद राहत नाही, आणि न बंद राहणे हेच लाकडी घराचे अर्धे औषध आहे.

काकूंच्या घराची शाकारणी येत्या मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आहे. कौले उतरलेली असतील, त्यामुळे सगळा सांगाडा दिवसाच्या उजेडात उघडा दिसेल, जोडलेली तुळई आणि तिच्यातली नवी खुंटीही दिसेल. आमच्या नगर परिषदेतील अधिकाऱ्यांना मी तारखेसह स्वतंत्र अर्ज देत आहे, आणि इतर गावांतून कोणाला यायचे असेल त्यांचेही स्वागत आहे. सुतार सकाळी आठला येतात. शिडी धरायला मी असेन, आणि गज टोचून पाहायचा असेल त्याला तोही हातात देईन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
किनाऱ्यावरच्या एका शहरातील नकाशाकार व रहिवासी